विहिणीच्या देशाला समुद्र नाही

मला मत्सर होतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. लहानपणी सांगलीला शेजारच्या मुलीच्या रिबिनींचा झाला, ग्लासगोला आल्यावर महाराष्ट्र मंडळातल्या एका बाईंच्या पुरणपोळीचा झाला, आणि साठी उलटल्यावर एका अख्ख्या देशाचा झाला. माणसाचा मत्सर करायला फारसं काही लागत नाही, तो बसल्या जागी जमतो. देशाचा करायचा तर अभ्यास करावा लागतो. मी केला. मलावीत पाऊस कधी पडतो, मका कधी निघतो, तंबाखूचा लिलाव कुठल्या ऋतूत सुरू होतो, हे मला कोणीही झोपेतून उठवून विचारावं. हे सगळं ज्ञान मी निव्वळ जळफळाटातून मिळवलेलं आहे.

कारण, विहीणबाई.

जावई मलावीचा. इथे पाण्याचं इंजिनिअरिंग शिकायला आला आणि इथेच नोकरीला लागला. मुलगा गुणी आहे, त्याबद्दल माझी तक्रार नव्हतीच. आवाज चढवत नाही, जेवल्यावर आपलं ताट उचलतो, आणि ह्यांच्या जुन्या हॉस्पिटलच्या गोष्टी दुसऱ्यांदा ऐकताना पहिल्यांदा ऐकतोय असा चेहरा करतो. साखरपुड्याच्या वेळी त्याने एकच हट्ट धरला होता. म्हणे, दोन्हीकडचे मामा पाहिजेत. त्यांच्यात मामा बोलणी करतात आणि एकमेकांना कोंबडा आणि कोंबडी देतात, तेव्हा नातं पक्कं होतं. आमच्या बैठकीच्या खोलीत जिवंत कोंबडी फिरू द्यायला मी तयार नव्हते, म्हणून चिनी मातीची जोडी आणली. त्यांच्याकडून एडिनबराचे एक दूरचे मामा आले. माझा भाऊ सांगलीहून लॅपटॉपवर हजर होता. जावयाने तो लॅपटॉप कोचावर अगदी मधोमध, मानाच्या जागी ठेवला आणि त्याच्यासमोर उकिडवा बसून बोलला. मला ते गोड वाटलं. आपल्यातही मुलीला बोहल्यावर आणायला मामा लागतोच. मी मनात म्हटलं, चला, पद्धती जुळतात. एवढंच म्हटलं आणि पुढचा विचार केला नाही.

मग मुलीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हा नियम काही मी केलेला नाही, पण तो मोडणाऱ्यांतली मी नाही. मुलगी ग्लासगोतच जन्मली, वाढली, तिचं माहेर आणि सासर ह्यांत बसचे चार स्टॉप, तरी मी तिला आधीच घरी घेऊन आले. डिंकाचे लाडू केले. अळीव आणले. बाळंतशेपा, ओवा, वावडिंग सगळं डब्यांत भरून ठेवलं. धुरीची एक प्रॅक्टिस केली, तर स्मोक अलार्मने बोंब मारली आणि हे जिन्यावर उभं राहून टॉवेलने वारा घालत बसले. जावईही आमच्याकडेच राहायला आला. मंडळात कोणी ‘घरजावई’ म्हणेल म्हणून मी आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की ही तात्पुरती व्यवस्था आहे.

अशी सगळी जय्यत तयारी झाल्यावर एका रविवारी जावई म्हणाला, त्याच्या आईला व्हिसा मिळाला. त्या बाळाला बघायला येणार आणि मका काढायच्या वेळेला परत जाणार. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. मी हसून ‘वा, वा’ म्हटलं. आणि आत जाऊन लाडवांचा डबा उगाचच ह्या फळीवरून त्या फळीवर ठेवला.

बाळ झालं, मुलगा झाला, आणि आठवडाभरात विहीणबाई आल्या. फेब्रुवारीतली कडाक्याची थंडी. विमानतळावर उंच, सावळ्या, ताठ बाई दिसल्या. अंगात मुलाने पाठवलेला जाड कोट आणि कमरेला त्यावरूनच गुंडाळलेलं, निळ्या माशांच्या नक्षीचं कापड. मला बघितल्यावर त्या किंचित गुडघ्यात वाकल्या आणि दोन्ही हातांनी अलगद टाळी वाजवली. ही त्यांची नमस्काराची रीत. मी नमस्कार केला. मग त्यांनी पहिलं विचारलं, “मामा कसे आहेत?” बाळ नाही, सून नाही, प्रवास नाही, माझा भाऊ कसा आहे. आम्ही इंग्रजीत बोलत होतो, त्यांचं इंग्रजी शाळामास्तरणीचं, एकेक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखं. इथे मी ते मराठीत सांगते आहे.

त्यांच्या बॅगेत मक्याचं पीठ, शेंगदाण्याचं कूट आणि तळ्यातली वाळवलेली बारीक मासळी होती. माझ्या स्वयंपाकघरात कधी मासळी शिजली नाही. त्याबद्दल काय बोलायचं ह्याची मी विमानतळापासून तयारी करत आले होते. त्यांनी माझ्या देवघराकडे एकदा बघितलं, कपाटातल्या डब्यांकडे बघितलं, आणि मासळीची पिशवी परत बॅगेत घालून बॅग बंद केली. ती एडिनबराच्या मामांकडे गेली. मला भांडायलाही जागा ठेवली नाही, ह्याचाच मला राग आला.

आता मुख्य गोष्ट. त्या कापडाला चितेंजे म्हणतात. विहीणबाई कमरेतून वाकायच्या, बाळाला पाठीवर पालथं टेकवायच्या, कापड त्याच्यावरून घेऊन छातीशी गाठ मारायच्या आणि सरळ व्हायच्या. झालं. बाळ झोपलं. मग त्या तशाच भाजी चिरायच्या, खिडकीतून बर्फ बघायच्या, गुणगुणायच्या, आणि बाळ पाठीवर गाल चेपून तासन् तास पडलेलं. माझ्या मांडीवर मात्र ते कोकलायचं. मी अंगाई म्हटली, पायांवर घेतलं, टाळूवर तेल थापलं. एवढंसं तोंड लालबुंद करून ते असं बघायचं की जणू मी त्याचं काही घेतलंय. मी काही साधीसुधी बाई नाही. मंडळातल्या निम्म्या सुनांची बाळं मी न्हाऊ घातली आहेत. आणि माझंच नातवंड मला उभं करत नव्हतं.

रोज सकाळी बाळाचं न्हाणं झालं की विहीणबाई दारात उभ्या राहून विचारायच्या, “आमायी, घेऊ का?” त्यांच्यात बाईला मानाने आमायी म्हणतात. आणि मी म्हणायचे, “घ्या की, तुमचंच तर आहे.” आपल्याकडे हे म्हणायचंच असतं. आपण मुलीकडचे. बाळंतपण आपण करायचं, हाडं आपण झिजवायची, आणि नंतर मूल त्यांच्या घरचं, त्यांच्या आडनावाचं, त्यांच्या देवाला. हे मला तोंडपाठ होतं. माझ्या आईने माझ्या सासूला हेच म्हटलं होतं आणि मग मोरीत जाऊन तोंड धुतलं होतं. मी दात आवळून रोज म्हणायचे, तुमचंच आहे. विहीणबाई मान खाली घालायच्या आणि बाळाला उचलायच्या. मला वाटायचं, काय हा साळसूदपणा.

संध्याकाळी तर आमच्या घरात शाळाच भरायची. विहीणबाईंनी खेड्यातल्या शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवलेला, आणि हे, ज्यांनी लग्नाला चाळीस वर्षं होत आली तरी कृष्णा सांगलीच्या कुठल्या अंगाने वाहते ते मला विचारलं नाही, ते हनुवटीखाली हात घेऊन ऐकत बसायचे. विहीणबाई माझं लाटणं टेबलावर नकाशातल्यासारखं उभं ठेवायच्या. हे आमचं तळं. समुद्राएवढं, लाटा उठणारं, पण समुद्र नव्हे. पलीकडे मोझांबिक, वर टांझानिया, डावीकडे झांबिया. बशा मांडून झाल्या की त्या म्हणायच्या, “आम्ही असे मध्ये. चारी बाजूंनी दुसऱ्याचं अंगण.”

मग साखरदाणी म्हणजे दक्षिणेतले चहाचे मळे, आणि मधल्या पठारावर मिठाची डबी, तो तंबाखू. जे पैसा देतं ते सगळं बाहेर जायला हवं, आणि बाहेर जायचं तर मोझांबिकच्या रेल्वेने, मोझांबिकच्या बंदराला. तिकडे लढाई चालू होती तेव्हा वाट बंद, मग ट्रक लांबचा वळसा घालून जायचे आणि मालाची कमाई वाटेतच संपायची. येताना डिझेल आणि खत त्याच वाटेने. खत उशिरा आलं की मका कमी, मका कमी की जानेवारी-फेब्रुवारी उपाशी. “आता आमच्याकडे तेच दिवस आहेत,” त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. “कणगी रिकामी आणि शेत हिरवंगार. जिकडेतिकडे हिरवं दिसतं आणि खायला नसतं.” त्यांचे वडील तरुणपणी दक्षिण आफ्रिकेच्या खाणीत गेले होते, गावातले निम्मे पुरुष जायचे. “आमच्याकडे जे चांगलं पिकतं ते बाहेर जातं,” त्या म्हणाल्या आणि लाटणं धुऊन जागेवर ठेवलं.

ह्यांनी हळहळून मान हलवली. मी हळहळले नाही. मी वर जाऊन टॅबलेटवर मलावी वाचायला बसले. मला त्यांना कुठेतरी गाठायचं होतं. एकदा जेवताना मी ठेवणीतला प्रश्न काढला, की पोटाला मका लागतो तर चांगल्या जमिनीत तंबाखू कशाला लावता? विहीणबाईंनी मुळीच वाईट वाटून घेतलं नाही. म्हणाल्या, “माझ्या वर्गातली हुशार मुलं हेच विचारायची.” आणि मग रोख पैसा, शाळेची फी, जुने मळे, लिलावात भाव कोण ठरवतं, असं सगळं समजावून सांगितलं. ह्यांनी मला म्हटलं, “छान प्रश्न विचारलास.” लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आणि शेजारीण! आमच्या शेजारी एक स्कॉटिश आजी राहतात. मी तीस वर्षं त्यांना दिवाळीचा फराळ देते आहे, आणि त्या तीस वर्षं चकलीला ‘त्या कुरकुरीत गोष्टी’ म्हणतात. विहीणबाई आल्याचं कळताच त्या केक घेऊन हजर. त्यांच्या चर्चचं मलावीतल्या एका शाळेशी नातं आहे. दीडशे वर्षांपूर्वी इथलेच मिशनरी तिकडे गेले, शाळा काढल्या, तिथल्या एका मोठ्या शहराला इथल्या एका लहान गावाचं नाव देऊन आले. ते गाव, ब्लॅन्टायर, आमच्याकडून ट्रेनने सहज जाऊन येण्यासारखं. दोघींनी माझ्या कोचावर बसून एक चर्चमधलं गाणं म्हटलं, एकीने इंग्रजीत, एकीने चिचेवा ह्या त्यांच्या भाषेत, एकाच चालीवर. मी मधे चहा घेऊन उभी. विहीणबाईंनी पहिला घोट घेऊन म्हटलं, “ह्यात आमची पानं असतील.” आता माझ्या हातचा चहासुद्धा त्यांचा.

पण हे सगळं मी गिळलं असतं. खरं दुखणं वेगळं होतं. तिसऱ्या आठवड्यात दूध साचून मुलीची छाती दुखायला लागली, ताप भरला. मी शेकायला गरम पाणी आणि फडकं घेऊन वर गेले, तर विहीणबाई पलंगाशेजारी जमिनीवर बसलेल्या, काही न करता, काही न बोलता. मुलगी त्यांचा हात धरून पडली होती. मला बघून म्हणाली, “आई, तू थोडा वेळ खाली जाशील? तू आलीस की मला वाटतं, I’m doing everything wrong. ही आजी फक्त बसते.”

“मी काय बोलले का काही?”

“तू बोलत नाहीस ग, पण तुझी तोंड बोलतो.”

मी खाली आले. शेकाचं पाणी सिंकमध्ये ओतलं. त्याच संध्याकाळी तिने माझा डिंकाचा लाडू “खूप heavy होतो” म्हणून बाजूला ठेवला आणि विहीणबाईंनी केलेली मक्याच्या पिठाची घट्ट उकड, ज्याला न्सिमा म्हणतात, ती पालकाच्या भाजीला लावून बोटांनी खाल्ली. पोटभर. वरण-भात तिने कधी हाताने खाल्ला नाही, लहानपणापासून चमचा. मी भिंतीला टेकून बघत होते. नातू त्यांचा होताच, तो मी मनाने दिलेला होता. मुलगी द्यायची असं मात्र कोणी सांगितलं नव्हतं. मला रडू येत होतं आणि कांदा चिरायलाही घेतलेला नव्हता.

त्यात नावाचं घोंगडं भिजत पडलेलं. मुलगी आणि जावई दोघांनी ठरवलं होतं की नाव मोठ्यांनी ठेवायचं. “तुम्ही दोघी sort करा,” मुलगी म्हणाली. मला ह्यात ठरवण्यासारखं काही दिसत नव्हतं. नाव बापाकडून येतं. आत्याने बाळाच्या कानात कुर्र करायचं. आत्या मलावीत, मग आजीने करावं. मी वाट बघत होते. विहीणबाई काही बोलेनात. नोंदणीची मुदत जवळ आली, जावई रोज सकाळी आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघून ऑफिसला जायचा. मी सुचवून बघितलं, “नावाचं काही मनात आहे?” तर त्या म्हणाल्या, “मामा काय म्हणतात?” दोनदा विचारलं, दोनदा हेच. मला वाटलं, मान हवाय. पाटावर बसवून, ओटी भरून, हात जोडून मी विनवावं असं वाटतंय. वरमाईचा रुसवा तो हाच, निळ्या कापडात गुंडाळून आलेला.

एका दुपारी घरात आम्ही दोघीच. मुलगी वर झोपलेली, हे लायब्ररीत, बाळ नेहमीप्रमाणे त्यांच्या पाठीवर. त्या माझे बटाटे सोलत होत्या. माझ्या तोंडून निसटलंच. म्हटलं, “पोराला अजून नाव नाही. दूध पितं, झोपतं, तुमच्या पाठीवर वाढतं, आणि नाव नाही! एवढा कसला मान धरून बसला आहात?”

त्यांनी सुरी खाली ठेवली.

“मी मान धरून बसले आहे?” त्या म्हणाल्या. “मी तर तुमची वाट बघते आहे. नाव तुमच्या घरातून यायचं.”

“आमच्या?”

“मूल आईच्या घरचं,” त्या म्हणाल्या, अगदी लाटणं ठेवून सांगायच्या तसं. त्यांच्या लोकांत वंश बाईकडून चालतो. लग्न झालं की मुलगा उठून बायकोच्या गावी जातो. मुलं तिच्या माहेरची, आणि त्यांचा पालक त्यांचा मामा, आईला भाऊ नसला तर आईचा मामा. बापाच्या आईला बाळाला बघायला येता येतं, तेही बोलावलं तर. “मी पाहुणी आहे, आमायी. पहिल्या दिवसापासून. म्हणून रोज विचारून घेते. आणि तुम्ही रोज सगळ्यांसमोर म्हणता, तुमचंच आहे. मला वाटायचं तुम्ही टोमणा मारताय. मग रात्री मुलाला म्हटलं, तुझ्या सासूला मी आवडत नाही. पण पाठ रिकामी होती आणि बाळ समोर होतं, मग सकाळी पुन्हा विचारायचे.”

मी खुर्ची ओढून बसले. मामा कसे आहेत, ते आठवलं. कोचावर मधोमध ठेवलेला लॅपटॉप आठवला. जावई आमच्याकडे राहायला आल्याचं त्यांना जराही खटकलं नव्हतं, तेही आठवलं.

“ती आमची बोलायची पद्धत आहे,” मी कसंबसं म्हटलं.

“मी तुमच्यावर फार जळले,” विहीणबाई म्हणाल्या. इतकं सरळ मला आयुष्यात कोणी सांगितलं नव्हतं. “तुमची मुलगी कुठे गेली? ती वर तुमच्याच पलंगावर झोपली आहे. गेला तो माझा मुलगा. तुमच्यासारख्या मुलींच्या आया जावयांना जेवायला वाढतात, आणि मी हजारो मैलांवरून बघायला येते की तो नीट जेवतो का.” त्यांनी पाठीवरच्या बाळाला मागून हात लावला. “मका निघाला की मी शेतात असेन. तुम्ही इथे असाल.”

खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती म्हणजे, माझं. बाळ माझं. एका देशाचा अख्खा कायदा माझ्या बाजूने होता आणि मी इतके दिवस दात आवळत होते. ‘आमच्याकडे उलट असतं’ हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते तिथेच ठेवलं.

“मामांना विचारू या,” मी म्हटलं, आणि भावाला फोन लावला. स्पीकर चालू केला, म्हणजे त्यांच्यासमोर रीतसर होईल. तिकडे संध्याकाळ झाली होती, मागे टीव्ही चालू होता. मी मराठीत विचारलं की बाळाचं नाव काय ठेवायचं.

“अगं, मला काय विचारतेस?” भाऊ म्हणाला. “मूल त्यांचं. बाळाची आजी घरात बसली आहे ना? त्यांना ठेवू दे की नाव. आपण मुलीकडचे, आपण पेढे वाटायचे.”

विहीणबाई त्या अगम्य आवाजाकडे, फोनकडे, मान थोडी झुकवून बघत होत्या. “मामा काय म्हणाले?”

मराठी कळणारी त्या स्वयंपाकघरात मी एकटीच होते. माझ्या मनात एक छानसं, दोन अक्षरी नाव कितीतरी दिवस घोळत होतं, शेजारच्या आजींनाही म्हणता येईल असं. ते भावाच्या तोंडी घालायला एक क्षण पुरला असता. पण मला रोज दारात उभं राहून ‘घेऊ का’ विचारणाऱ्या त्या दिसल्या. आणि माझी आई दिसली, मोरीत तोंड धुणारी.

“मामा म्हणाले,” मी म्हटलं, “नाव बाळाच्या आजीने ठेवावं. घरात आलेल्या आजीने. तुम्ही.”

शब्द न शब्द खरा होता. आपल्याकडे असंच असतं, एवढंच मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो नुसता रिवाज झाला असता. मला एकदा तरी त्या बाईला काही देऊन बघायचं होतं.

विहीणबाई स्वयंपाकघराच्या लाद्यांवर गुडघे टेकून बसल्या, पाठीवर बाळ घेऊन, आणि फोनच्या दिशेने अलगद टाळ्या वाजवल्या. थांबल्या, पुन्हा वाजवल्या. तिकडून भाऊ विचारत होता, “कसला आवाज येतोय ग? काय चाललंय तिथे?” वरून मुलगी जिन्यात येऊन उभी राहिली होती. माझा ऊर इतका भरून आला की मी स्वतःवरच खूश झाले. घ्या म्हटलं, दिलं.

मग विहीणबाईंनी विचारलं, “मामांचं नाव काय?”

मी सांगितलं.

“तेच,” त्या म्हणाल्या. “ज्याने एवढं दिलं त्याचंच नाव.”

आपल्याकडे हयात माणसाचं नाव सहसा कोणी बाळाला ठेवत नाही. शिवाय ते नाव फार जुनं, पासबुकावर शोभणारं, पाळण्यात नव्हे. मी भावाला ते सांगितलं. मग टीव्ही बंद केल्याचा आवाज आला आणि त्याने नाक शिंकरलं. त्याला मूलबाळ नाही. हे विहीणबाईंना ठाऊकही नव्हतं. मी जे दिलं होतं ते त्यांनी बसल्या बसल्या दुप्पट करून माझ्याच घरात परत आणून ठेवलं. देण्यातही त्यांनी मला हरवलं, आणि मला पुन्हा, त्या तशा क्षणीही, त्यांचा मत्सर वाटला. मुलगी खाली आली आणि आम्हा दोघींच्या मधे लादीवर बसली. तिने डोकं माझ्या मांडीवर ठेवलं. मी हलले नाही, म्हटलं उगाच उठायची.

मार्च संपता संपता विहीणबाई गेल्या. बाळाला त्यांनी विमानतळावर शेवटपर्यंत पाठीवर ठेवलं होतं. गाठ सोडून त्यांनी ते माझ्या हातात दिलं, ते रडलं, पण मला त्याचं काही वाटलं नाही. कारण मी जावयाकडे बघत होते. आई आत दिसेनाशी झाली तरी तो त्या काचेच्या दाराकडे तोंड करून उभा होता, पार्किंगचे पैसे वाढत होते, आणि त्याला हाक मारायचं कोणाला सुचत नव्हतं. चांगलं पिकतं ते बाहेर जातं, हे त्या लाटणं धुता धुता म्हणाल्या होत्या, तेव्हा मला वाटलं होतं तंबाखूबद्दल बोलताहेत.

त्या संध्याकाळी मी त्यांनी ठेवून गेलेलं मक्याचं पीठ काढलं. आधी पातळ पेज करायची, मग वरून पीठ घालत घोटायचं, हे मी भिंतीला टेकून इतक्या वेळा बघितलं होतं. हात भरून आला, गुठळ्या झाल्या. पालकाची भाजी केली. जावयाच्या समोर ताट ठेवलं, हात धुवायला पाणी घातलं, आणि तो सगळं संपवेपर्यंत समोर बसून राहिले.

“कसं झालंय?” मी विचारलं.

तो खोटं बोलत नाही, हाच त्याचा एक दोष आहे. “चांगलं झालंय,” तो म्हणाला. “पण आईसारखं नाही.”

मला पुन्हा मत्सर झाला. नातवासाठी नाही, मुलीसाठीही नाही. ह्या वेळी त्याच्यासाठी. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पीठ काढलं, आणि पाणी जरा कमी घातलं.